सेल्फ मारला की कंट्रोलर रीस्टार्ट होतो : जुन्या गाडीच्या नव्या वायरिंगचं परत परत येणारं दुखणं

कंट्रोलर म्हणजे जुन्या फ्यूज-रिलेंच्या जागी बसवलेला, प्रोग्रामवर दिवे, पंखा, हॉर्न चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. लक्षण असं. चाबी फिरवली की डिस्प्ले उजळतो, पार्किंग लाइट लागतात, सगळं ठीक दिसतं. सेल्फ मारला की एक झटका बसतो आणि डिस्प्ले काळा. हेडलाइट, इंडिकेटर, रेडिएटरचा पंखा, हॉर्न, सगळं एकदम मेलेलं. इंजिन चालू झालं तर दोन-तीन सेकंदांनी कंट्रोलर पुन्हा जागा होतो आणि गाडी नीट चालते. कधी मात्र सेल्फचा रिलेही कंट्रोलरच्याच ताब्यात असतो. मग कंट्रोलर पडला की सेल्फ सुटतो, सेल्फ सुटला की व्होल्टेज वर येतं, कंट्रोलर उठतो, पुन्हा सेल्फ ओढतो, पुन्हा पडतो. टक-टक-टक आवाज येत राहतो आणि इंजिन काही पूर्ण फिरत नाही.

मग प्रोग्राम पुन्हा टाकला जातो. बॅटरी चार्जिंगला लावून आणली जाते. गाडी आठ-पंधरा दिवस चांगली चालते आणि एके सकाळी तेच सुरू. खानदेशात जुन्या डिझेल जीपगाड्यांचं वायरिंग काढून प्रोग्रामेबल कंट्रोलर बसवणारी तरुण मुलं आता बरीच दिसतात. अशा गाड्या माझ्याकडे येतात त्यात ही तक्रार सगळ्यात जास्त असते. ती का परत येते आणि कायमची कशी घालवायची, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वायरिंग बदलण्याचा निर्णय चुकीचा नाही. आपल्याकडे जुन्या हार्नेसचे, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या जुडग्याचे हाल मी रोज बघतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी तापते, आणि वायरवरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. रावेर-यावलकडे गाडी केळीच्या बागेत उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. शिवाय प्रत्येक वायरमनने आपापल्या सोयीने एक लाल वायर जादा ओढलेली असते. अशा गाडीत नव्याने, मोजून-मापून वायर टाकणं हे शहाणपणाचंच काम आहे. प्रत्येक लोडला, म्हणजे दिवा, पंखा, हॉर्न अशा वीज खाणाऱ्या प्रत्येक वस्तूला वेगळी वायर, मध्ये फ्यूज-रिलेची गर्दी नाही, कोणता लोड किती करंट घेतो ते डोळ्यांना दिसतं. पण जुन्या वायरिंगला जे चालत होतं ते या नव्या डब्याला चालत नाही, आणि दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

जुन्या गाडीत सेल्फ मारताना दिवे मंद व्हायचे आणि परत उजळायचे. बल्बला ७ व्होल्ट मिळाले तर तो लालसर जळतो, तक्रार करत नाही. कंट्रोलरच्या आत प्रोसेसर असतो. त्याला ५ किंवा ३.३ व्होल्ट स्थिर लागतात. आत साधा ७८०५ रेग्युलेटर असेल तर त्याला ५ व्होल्ट द्यायला बाहेरून निदान ७ व्होल्ट हवेत. त्याखाली एक क्षण गेलं तरी प्रोसेसर रीसेट होतो. डोळ्याला दिवे नुसते लुकलुकल्यासारखे दिसतात, पण तेवढ्यात डब्याचं काम आटोपलेलं असतं.

आता सेल्फचा हिशेब बघा. दोन-अडीच लिटरचं डिझेल इंजिन थंड असताना सेल्फ पहिल्या झटक्याला ४००-५०० अँपच्या घरात करंट ओढतो, फिरायला लागल्यावर २००-२५० वर येतो. एखादा जोड गंजलेला असेल आणि त्याचा रोध १० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग, एवढाच असेल, तरी ४०० अँपला त्या एका जोडावर ४ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी स्वतःच त्या क्षणी १०-१०.५ वर आलेली असते. त्यातून ४ गेले तर उरले किती? डब्याची वायर त्या जोडाच्या पलीकडून घेतलेली असेल तर डब्याला ६ व्होल्टच पोचतात.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते ती अशी. मल्टीमीटर ओहमवर लावतात, बीप वाजतो, मीटर ०.३ दाखवतो, आणि "अर्थ एक नंबर आहे" म्हणून पुढे जातात. मीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्यात १० मिलिओहम दिसणारच नाहीत. अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट) किंवा जाड वायर तपासायची तर करंट वाहत असताना, व्होल्टवर मीटर ठेवूनच तपासायची. दुसरा मार्ग नाही.

पण पाना हातात घेण्याआधी डब्यालाच विचारा की तू का पडलास. ईएसपी३२ सारख्या प्रोसेसरवर बनवलेला कंट्रोलर असेल तर रीसेटचं कारण प्रोग्राममधून वाचता येतं. चालू होताच ते कारण साठवायचं आणि डिस्प्लेवर किंवा सिरियलवर (केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर) दाखवायचं, चार ओळींचं काम आहे. कारण 'ब्राऊनआउट' किंवा 'पॉवर ऑन' आलं तर पुरवठा पडलाय. 'वॉचडॉग' आलं तर प्रोग्राम कुठेतरी अडकलाय किंवा वायरीतून गोंगाट आत शिरतोय. या एका माहितीने अर्धी धावपळ वाचते. तयार मिळणाऱ्या महागड्या डब्यांत बॅटरी व्होल्टेजची नोंद ठेवायची सोय असते, ती चालू करा.

इथेच एक कळकळीची विनंती. ब्राऊनआउट डिटेक्टर प्रोग्राममधून बंद करून टाका, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. करू नका. तो डिटेक्टर प्रोसेसरला म्हणतो की व्होल्टेज कमी आहे, थांब. तो बंद केला की प्रोसेसर अर्धवट व्होल्टेजवर भलतंसलतं चालतो, मेमरीत कचरा लिहितो, नको तो आउटपुट चालू करतो. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हे परवडत नाही.

कारण पुरवठ्याचं निघालं, बहुतेक वेळा तेच निघतं, तर आता मीटर घ्या. २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवा. एक जण सेल्फ मारायला बसवा. इंजिन चालू व्हायला नको म्हणून डिझेलचा स्टॉप ओढून ठेवा किंवा डिझेल बंद करणाऱ्या सोलनॉइडची वायर काढा (सेल्फच्या सोलनॉइडची नाही). लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, आणि काळी पिन सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ फिरताना मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. मग लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, काळी बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर. इथे ०.२, फार तर ०.३. मग तिसरं माप, जे फारसं कोणी घेत नाही : डब्याच्या मायनस टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनस खुंटापर्यंत, आणि तसंच प्लसच्या बाजूने. दोन्ही ठिकाणी सेल्फ फिरताना ०.१-०.२ च्या वर काही दिसायला नको.

क्लॅम्पवर पिन लावू नका असं म्हणालो, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये बसलेला पांढरा-हिरवा क्षार हाच कित्येकदा चोर असतो. क्लॅम्पवर मीटर लावला तर तो चोर मापाच्या बाहेर राहतो.

शिंदखेड्याकडच्या एका शेतकऱ्याची जीप आली होती. मालक म्हणाले, "भाऊ, गाडी सकायले नाटक करस, दुपारले मस्त चालस." हे वाक्य मला डिस्प्लेवरच्या एरर कोडइतकंच उपयोगी वाटतं. थंडीत धुळ्याकडे पारा कधीकधी ६-७ अंशांपर्यंत उतरतो. इंजिन ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद कमी, सेल्फला ओढ जास्त. दुपारी तोच जोड, तेवढाच रोध, पण करंट कमी म्हणून गाडी तरून जाते. याचा अर्थ प्रोग्रामचा दोष नाही. त्या गाडीत इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटलेली निघाली. विणलेली पट्टी वरून शाबूत दिसत होती, पण लगच्या (टोकाला दाबलेल्या, बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी दोनच धागे धरून होते. सेल्फचा एवढा करंट मग परत जाणार कुठून? तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून, आणि डब्याच्या मायनस वायरमधून वाट काढत होता. केबलचं आवरण एका जागी काळं पडलं होतं. डब्याची मायनस वायर गरम होत होती आणि डब्याच्या 'शून्य' व्होल्टची जागाच सेल्फ मारताना दोन-अडीच व्होल्ट वर उचलली जात होती.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी इंजिनची पट्टी. बॅटरी मायनसपासून थेट इंजिनच्या ब्लॉकवर २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटरची जाड केबल, तिथून चॅसिसला दुसरी, चॅसिसवरून बॉडीला तिसरी. रंग, गंज, ग्रीस खरवडून लोखंड चमकेपर्यंत साफ करायचं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि नंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं. आधी ग्रीस आणि मग बोल्ट, असं नाही. जुन्या जीपच्या बॉडीला रंगाचे इतके थर असतात की बोल्ट घट्ट असूनही तो रंगावरच बसलेला असतो. लग दाबताना पकडीने चेपून भागत नाही. जाड केबलचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला ट्रकचं काम करणाऱ्यांकडे तो असतो.

मग डब्याचा पुरवठा. प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीवरून घ्यायचे. सेल्फच्या बोल्टवरून प्लस घेणं सोपं पडतं म्हणून बरेच जण तसं करतात, पण मग सेल्फच्या केबलवर जेवढे व्होल्ट पडतील तेवढे डब्याचेही कमी होतात. १६ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज. प्रत्येक लोडचं संरक्षण डबा करतो हे खरं, पण बॅटरीपासून डब्यापर्यंतच्या वायरचं संरक्षण फक्त हा फ्यूज करतो. तो नसेल आणि वायर बॉनेटच्या कडेला घासली तर गाडी पेटते.

एवढं केलं की बहुतेक गाड्या सुधारतात. तरी पहिल्या झटक्याची काही मिलिसेकंदांची खोल दरी उरते, विशेषतः थंडीत. तिच्यासाठी डब्याच्या प्रोसेसरच्या पुरवठ्यात एक शॉट्की डायोड आणि त्यामागे एक मोठा कपॅसिटर घाला. डायोडमुळे कपॅसिटरमधला साठा उलटा सेल्फकडे पळत नाही. हिशेब सोपा आहे. प्रोसेसर आणि डिस्प्ले मिळून १५० मिलिअँप घेतात असं धरलं, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा, आणि व्होल्टेज ११.५ वरून ७ पर्यंत उतरू दिलं, तर सुमारे १४० मिलिसेकंद मिळतात. पहिल्या झटक्याला तेवढे पुरतात. पण बॅटरीच म्हातारी असेल आणि सेल्फ फिरताना दोन-दोन सेकंद ७ च्या खालीच राहत असेल तर कपॅसिटर पुरणार नाही. तिथे कमी-जास्त दोन्ही व्होल्टेजवरून स्थिर ५ व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा. खरं तर नवीन गाडी करतानाच तो लावावा असं माझं मत आहे. किमतीत फार फरक पडत नाही.

कपॅसिटर १६ व्होल्टचा घेऊ नका. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चार्ज करत असताना बॅटरीचा क्लॅम्प सैल झाला तर १२ व्होल्टच्या गाडीतही क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंतची उसळी येऊ शकते. म्हणून डब्याच्या तोंडाशी अशी उसळी गिळणारा, गाडीसाठीचा टीव्हीएस डायोड हवाच आणि कपॅसिटर ५० व्होल्टचा. तोही १०५ अंशांचा, ८५ चा नको. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपला उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक : ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देऊ नका. जुन्या वायरिंगमध्ये एखादा बल्ब जायचा, इथे डबाच जाईल. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते.

आता तो भाग, ज्यामुळे हे दुखणं पंधरा दिवसांनी परत येतं. सगळे अर्थ चांगले, वायर जाड, तरी गाडी हळूहळू त्याच वळणावर येते. अशा वेळी बॅटरी चार्जच होत नसते.

जुन्या डॅशबोर्डवर चार्जिंगचा एक लाल दिवा होता. चाबी फिरवली की लागायचा, इंजिन चालू झालं की विझायचा. नवीन डिजिटल डिस्प्ले लावला की हा दिवा काढून फेकतात आणि अल्टरनेटरची ती बारीक वायर कंट्रोलरच्या इनपुटला जोडतात. दिसायला काम होतं. पण जुन्या अल्टरनेटरमध्ये त्या दिव्यातून जाणारा दीड-दोनशे मिलिअँप करंटच फील्ड कॉइलला पहिलं चुंबकत्व देतो. कंट्रोलरच्या इनपुटमधून एखाद-दुसरा मिलिअँप जातो. त्याने अल्टरनेटर जागा होत नाही. मग गाडी सुरू होते, मीटरवर १२.३ दिसतात, आणि कुठेतरी जोरात रेस केल्यावरच अल्टरनेटर उठतो नि १४ दाखवतो. गावातल्या गावात, शेत ते घर, सावकाश चालणाऱ्या गाडीत तो कधी उठतो, कधी नाही. बॅटरी रोज थोडी थोडी खाली जाते. १२.६ ची १२.२ होते, म्हणजे निम्मी. मग एका सकाळी सेल्फ मारताना व्होल्टेज ७ च्या खाली जातं, डबा पडतो, आणि मालक म्हणतो प्रोग्राम पुन्हा बिघडला. बॅटरी चार्ज करून आणली की आठ-पंधरा दिवस सुखाचे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन सुरू करा, रेस न देता बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ दिसलं तर ठीक. १२.३ वर रेंगाळलं आणि रेस दिल्यावर उडी मारून १४ वर गेलं तर चोर सापडला. उपाय म्हणजे तो ३ वॅटचा बल्ब परत लावायचा. डॅशबोर्डवर जागा नसेल तर चाबीच्या प्लसपासून त्या वायरला ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. चाबी बंद केल्यावर या वाटेने करंट उलटा येऊन डबा जागा राहू नये म्हणून एक १एन४००७ डायोड मालिकेत घाला, बाण अल्टरनेटरकडे.

बॅटरी उतरण्याचं दुसरं कारण डबा स्वतःच असतो. चाबी काढली तरी वायफाय-ब्लूटूथ चालू ठेवलेला प्रोसेसर १०० मिलिअँप खात बसतो. दिवसाला २.४ अँप-तास. शेतातली गाडी दहा दिवस उभी राहिली की ६० अँप-तासाच्या बॅटरीतले २४ गेले. चाबी बंद झाल्यावर दहा मिनिटांनी डब्याने खरोखर झोपलं पाहिजे, आणि झोपेत चार-पाच मिलिअँपच्या आत राहिलं पाहिजे. मीटर करंटवर लावून, बॅटरीच्या मायनसमध्ये मालिकेत जोडून हे मोजा. मात्र त्या स्थितीत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

ज्या इंजिनांना हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायच्या आधी तापवणारे) आहेत त्यांची गोष्ट वेगळी. चार प्लग मिळून ४०-६० अँप ओढतात. ते कंट्रोलरच्या चॅनलवर (एका लोडसाठीच्या आउटपुटवर) घेऊ नका, जाड रिलेवरच ठेवा, आणि सेल्फच्या आधी उगीच मिनिटभर तापवत बसू नका.

प्रोग्राममध्ये काय बदलायचं? सेल्फची आज्ञा मिळताच पंखा, ब्लोअर, हेडलाइट बंद करा, इंजिन फिरल्यावर एकेक करून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने परत चालू करा. सगळे एकदम चालू केले तर अल्टरनेटर उठायच्या आधीच बॅटरीवर पुन्हा दरोडा पडतो. सेल्फचा रिले एकदा सुटला की निदान तीन सेकंद तरी परत ओढायचा नाही, म्हणजे ती टक-टक थांबते. आणि रीसेट झाल्यावर डब्याने आधी सगळे इनपुट वाचावेत, मगच आउटपुट ठरवावेत. चालू होताना सगळं बंद करून सुरुवात करणारे प्रोग्राम मी पाहिलेत. घरात ते चालतं. धावत्या गाडीत डबा एक क्षण पडला आणि हेडलाइटचं बटण चालू असूनही दिवे परत लागलेच नाहीत, असं होता कामा नये.

यावर मी अडून बसतो. कन्नडहून चाळीसगावकडे घाटात रात्री उतरणाऱ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकाच वेळी गेले तर पुढचं वळण दिसायच्या आधी संपलेलं असतं. म्हणून एक बाजूचा डिपर आणि ब्रेक लाइट यांच्यासाठी साधा स्विच, साधा रिले, साधा फ्यूज अशी एक वेगळी वाट ठेवा, जिचा कंट्रोलरशी काही संबंध नाही. कोणी म्हणेल मग एवढा आधुनिक डबा कशाला. बाकीच्या पंधरा-वीस लोडसाठी. जीव ज्याच्यावर अवलंबून आहे त्याला दोन वाटा हव्यातच.

सेल्फशी संबंध नसताना डबा पडत असेल किंवा चॅनल ट्रिप होत असेल (करंट जास्त दिसला म्हणून आपोआप बंद होत असेल) तर कारणं वेगळी आहेत, ती थोडक्यात सांगतो. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब चालताना साडेचार अँप घेतो, पण थंड फिलामेंट पहिल्या काही मिलिसेकंदांत त्याच्या दहापट ओढू शकते. चॅनलची मर्यादा १० अँप ठेवून उशीर शून्य ठेवला असेल तर तो दर वेळी ट्रिप होईल. मर्यादा वाढवू नका, सुरुवातीच्या झटक्यासाठी वेळेची सूट द्या, किंवा पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) हळूहळू उजळवा. रेडिएटरच्या पंख्याचंही तसंच, त्याला सूट थोडी जास्त वेळ लागते. हॉर्न वाजवला की डबा पडतो, तर हॉर्नच्या कॉइलचा उलटा झटका दाबायला डायोड नाही. वायपर भलत्याच जागी थांबतो, कारण जुन्या स्विचमध्ये थांबताना मोटरची दोन टोकं जोडून ब्रेक लावायची सोय होती. नुसता प्लस तोडला की मोटर पुढे घरंगळते. तिथे प्लस सुटताच ती दोन टोकं जोडणारा चेंजओव्हर रिले घाला.

आणि ब्रेकचा किंवा दाराचा जुना स्विच कधी लागतो, कधी नाही? तो स्विच अँपमध्ये करंट वाहण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या तोंडावर चढणारा काळा थर त्या करंटनेच जळून साफ व्हायचा. कंट्रोलरचं इनपुट १ मिलिअँप घेतं, थर तसाच राहतो. इनपुटला १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडून १२ मिलिअँप वाहू द्या, आणि प्रोग्राममध्ये ३०-५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स ठेवा, म्हणजे स्विच तेवढा वेळ स्थिर राहिला तरच मोजायचा. बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. डब्यापासून बटणांच्या पॅनलपर्यंत कॅन बसची (निरोप नेणाऱ्या दोन वायरींची) जोडी असेल तर पुरवठा बंद करून त्या दोन वायरींमध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा वायर तुटली आहे.

डबा बॉनेटखाली ठेवू नका. आतले सेमीकंडक्टर स्विच तापले की स्वतःला वाचवायला बंद होतात, आणि मे महिन्याच्या दुपारी इंजिनच्या भिंतीवर बसवलेला डबा बिनदोष असूनही चॅनल सोडत राहतो. डॅशबोर्डखाली, पत्र्याला चिकटवून, कनेक्टर खालच्या बाजूला. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर डब्यात न्या, म्हणजे पावसाचं आणि वॉशिंगचं पाणी झोळातून गळून पडेल. काळ्या मातीची बारीक धूळ ओलसर झाली की कनेक्टरच्या पिनांमध्ये चढते, म्हणून रबरी सील असलेलेच कनेक्टर घ्या. सुटे कनेक्टर, पिना, श्रिंक ट्यूब जळगावात गोलाणी मार्केटात विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा. साधे कनेक्टर लावून त्यावर टेप गुंडाळलेलं काम मी परत पाठवतो.

काम झालं असं कधी म्हणायचं? दुपारी गरम इंजिनवर सेल्फ मारून नाही. गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवा. सकाळी हेडलाइट आणि पंखा चालू ठेवा, डिझेलचा स्टॉप ओढा आणि पाच सेकंद सेल्फ फिरवा. मिनिटभर थांबा, परत. तीन वेळा. डब्याने नोंदवलेलं सगळ्यात कमी व्होल्टेज आणि रीसेटचा आकडा बघा. रीसेट शून्य असेल आणि डब्याच्या टर्मिनलवर ८.५ च्या खाली गेलं नसेल तर गाडी द्या. मीटरवर हे बघायचं असेल तर 'मिन-मॅक्स' असलेला मीटर घ्या, आणि तोही अगदी क्षणिक दरी पकडत नाही हे ध्यानात ठेवा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम.

शेवटचं काम कागदाचं आहे आणि ते टाळू नका. कोणत्या चॅनलवर कोणता लोड, वायरचा रंग आणि जाडी, ट्रिपची मर्यादा, हेडलाइट आणि ब्रेक लाइटची ती वेगळी वाट कुठून कुठे जाते, मोठा फ्यूज कुठे आहे, आणि तपासणीच्या सकाळी नोंदवलेलं सगळ्यात कमी व्होल्टेज नि रीसेटचा आकडा, हे सगळं मराठीत लिहून लॅमिनेट करून गाडीत ठेवा. प्रोग्रामची प्रत पेन ड्राइव्हवर मालकाकडे द्या. गाडी नवापूरला किंवा शिरपूरच्या पुढे पळासनेरला बंद पडली तर तिथल्या वायरमनला तुमचा लॅपटॉप दिसणार नाही, तो त्या कागदावरूनच काम करेल.